पाय बरा हाय

"येतो म्हनत्यात तवा यायचं, न्हाई म्हनत्यात तवा न्हाई. आमी निस्त्या चादरी झटकायच्या. सा म्हैनं झालं, त्या पलंगावर उंदीर बी निजला न्हाई, अन म्हनं गाद्यांना ऊन दाखवा."

शिदू हे चादरीच्या त्या टोकाला पुटपुटत होता आणि या टोकाला भागूबाई ऐकत होती. मध्ये एवढी चादर काय ती. लग्नापासून ती हे ऐकत आली होती. शिदूचं सगळं भांडण चादरींशी, पाण्याच्या बंबाशी, फार झालं तर विहिरीच्या रहाटाशी. साहेब फाटकातून आत आले की तेच तोंड असं मिटायचं की त्यात दात तरी आहेत का अशी शंका यावी.

"काय शिदू, कसं काय?"

"बरं हाय जी."

कौलं बरी. विहीर बरी. हापूसची कलमं बरी. एका साली वळवाच्या वाऱ्यात गाडीच्या शेडवर अख्खं झाड आडवं झालं होतं, तरी शिदूने सुरुवात 'बरं हाय जी'नेच केली. साहेबांचे बूट निघाले, चहा झाला, पाय धुऊन झाले, तेव्हा कुठे 'शेड तेवडी जरा बसलीया' म्हणून त्याने हळूच पुडी सोडली. मळवलीच्या बंगल्यांवर राखण करणाऱ्या सगळ्यांचीच ही रीत. मालक दोन दिवस हवा खायला येतो, त्याच्या डोक्यावर आल्याआल्या ओझं टाकू नये. वाईट बातमी चहानंतर सांगावी, नाही तर ते गेल्यावर पोस्टकार्डाने कळवावी. शिदूच्या बापाने त्याला हे शिकवलं होतं, आणि बापाकडून मिळालेली तेवढी एकच इस्टेट शिदूने नीट सांभाळली होती.

या खेपेला पोस्टकार्ड साहेबांचं आलं होतं. त्यांच्या लेकाने, केरबाने, ते राहत्या आउटहाउसच्या पायरीवर बसून मोठ्याने वाचलं. शनिवारी दुपारच्या गाडीने येतो आहे. बरोबर क्लबचे मास्तर आहेत. केरबाला घरीच राहायला सांग. तुझ्या माहितीतली औंढ्याकडची चपळ पोरं असतील तर त्यांनाही बोलावून ठेव.

कार्ड एकच, पण ऐकलं तिघांनी तीन तऱ्हांनी. शिदूने गाद्या आणि बंब ऐकला. केरबाने 'केरबाला घरीच राहायला सांग' एवढं ऐकलं, आणि तेव्हापासून तो बुटांना खोबरेल चोळत बसला होता. शेवटची ओळ भागूबाईने ऐकली. तिला वाचता येत नसे, पण कोणती ओळ कुणासाठी असते हे तिला बरं कळत असे.

केरबा तिचा एकुलता. अठरा वर्षांचा. हे ती बोटांवर मोजून नाही, फाटकाकडे बघून सांगायची. फाटकाच्या खांबावर संगमरवरी पाटी होती, तिच्यावर बंगल्याचं नाव आणि खाली १९४७ असा आकडा. ती पाटी बसवली त्याच आठवड्यात केरबा झाला होता. साहेबांच्या बाईंनी स्वतः झबलं पाठवलं होतं, पिवळं. म्हणजे पोराचा जन्म दगडावर कोरलेला. मावळात इतकी खात्री कुणाच्या जन्माची असते?

फुटबॉल त्याच्या नशिबी आला तो कुंपणावरून. साहेबांची मुलं सुटीत हिरवळीवर खेळायची आणि त्यांचा चेंडू दर दहा मिनिटांनी खालच्या भातखाचरात जायचा. तो आणून द्यायचं काम केरबाकडे. आधी तो हातात घेऊन धावत वर यायचा. मग त्याला कंटाळा आला, किंवा चढाचा कंटाळा आला म्हणा, तेव्हा तो खाचरातूनच अनवाणी पायाने चेंडू मारायला लागला. बांधावरून, करवंदीच्या जाळीवरून, कुंपणावरून तो चेंडू थेट ज्याचा त्याच्या छातीवर. एकदा साहेब व्हरांड्यात चहा घेत बसले होते, त्यांनी हे बघितलं आणि कप तसाच खाली ठेवला. साहेब मुंबईतल्या एका मोठ्या क्लबाचे सेक्रेटरी होते. त्यांनी केरबाला दहा वेळा खाली पाठवलं आणि दहा वेळा चेंडू वर आला.

हे त्रेसष्ट सालचं. केरबा सोळाचा होता, पण क्लबाच्या लहान मुलांच्या संघात चौदा हवे होते. साहेबांनी कागदावर चौदा लिहिलं आणि शिदूला म्हणाले, "चालेल ना?" शिदूने आधी अंगठा शाईत बुडवला आणि मग व्हय म्हटलं. भागूबाई तिथेच फरशी पुसत होती. तिची नजर फाटकावर गेली. साहेबांचीही गेली असणार, पाटी त्यांनीच बसवलेली. पण दोन वर्षांनी काय बिघडतं? उलट पोर लहान झालं, म्हणून तिला तेव्हा हसूच आलं होतं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. क्लबाच्या मैदानावरच्या तंबूमागे खोलीत सहा पोरं राहायची, खाणावळीत जेवायची, सकाळी दूध मिळायचं. गणपतीला केरबा आला तो अंगाने भरून आणि शहरी बोलणं शिकून. 'आये' म्हणायचा, पण 'पाणी'ला पाणी म्हणायचा, पानी नाही. वर्तमानपत्रात त्याचं नाव छापून आलेलं कात्रण त्याने आणलं होतं. शिदूने ते लपवून ठेवल्यासारखं केलं आणि मग स्टेशनमास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवून आला.

दुसऱ्या वर्षी आषाढात, चिखलात, उजवा गुडघा फिरला. क्लबाने पट्टी बांधून घरी पाठवलं. भागूबाई त्याला घेऊन तळेगावला उतरली आणि तिथून बैलगाडीने परंदवडीच्या हाडवैद्याकडे नेलं. म्हातारा आंधळा होता, पण बोटांनी बघायचा. त्याने बोटं फिरवली, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, तीन महिने या पायावर भार नाही, आतली दोरी अर्धी तुटली आहे, अर्धी धरून आहे. ती धरलेली जपा.

पाच आठवडे जपली. मग भादव्यात साहेब बंगल्यावर आले. फाटकातून आत येताना त्यांनी विचारलं, काय शिदू, कसं काय? बरं हाय जी. कौलं? बरी हायत जी. पंप? बरा हाय जी. आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, केरबाचा पाय? आणि त्याच दमात शिदू म्हणाला, "बरा हाय जी."

भागूबाई दारात होती. तिच्या हातात ओलं फडकं होतं. पाय कामट्यांत बांधलेला केरबा वीस पावलांवर आउटहाउसमध्ये बसला होता. साहेबांनी त्या बाजूला मान वळवली असती तर दिसला असता. ते म्हणाले, "मग मंगळवारी पाठव, मोठी मॅच आहे," आणि व्हरांड्याच्या पायऱ्या चढले. चहानंतर शिदूने शेडचं सांगितलं होतं तसं हेही तो सांगेल म्हणून ती थांबली. चहा झाला, पाय धुऊन झाले. शिदू बंबात लाकडं सारत राहिला. तिने फडकं पिळलं. तोवर केरबाने मंगळवारचं ऐकलं होतं आणि कामट्या सोडून ठेवल्या होत्या, आणि त्याच्या तोंडाकडे बघून कुणाच्याने काही बोलवलं नाही.

मंगळवारी क्लबाच्या लोकांनी दुखू नये म्हणून गुडघ्यात सुई दिली. मधल्या सुटीत आणखी एक. केरबाने गोल केला. नंतर तो बरेच दिवस हॉस्पिटलात होता आणि दिवाळीनंतर क्लबाच्या माणसाने त्याला ट्रंकेसकट मळवलीच्या गाडीत बसवून दिलं. शर्ट परत घेतला होता, त्याच्यावर नंबर होता. बूट राहू दिले. डोंगरातल्या पायाचा पंजा फाकलेला, ते बूट दुसऱ्या कुणाला बसण्यासारखे नव्हते.

तेव्हापासून घरात एक शब्द चालायचा, ज्येष्ठ. ज्येष्ठात खेळ सुरू होतो. ज्येष्ठापर्यंत पाय बसेल. ज्येष्ठात बोलावतील. शिदू म्हणे, भागूबाई म्हणे, दूधवालाही म्हणे. केरबा म्हणत नसे, तो नुसता दिवस मोजत असे. गुडघ्याला बाहेरून बघायला काही नव्हतं. पण उतारावर पाऊल पडलं की तो आतल्या आत सरकायचा, आणि केरबा अशा वेळी खाली वाकून पायातला काटा काढल्यासारखं करायचा. भागूबाईने इतके काटे एका पायात कधी बघितले नव्हते. वाळूच्या वाटेवर त्याची पावलं तिला पाठमोरी असतानाही ऐकू यायची. एक पुरतं, एक अर्धं. ती चुलीपुढे बसून ती मोजायची आणि भाकरी थापायची.

मध्यंतरी साहेबांना नोकरीचं विचारून झालं होतं. क्लबाच्या खेळाडूंना कंपनीत लावून घेतात असं केरबाने सांगितलं होतं. साहेबांनी मोठ्या प्रेमाने उत्तर लिहिलं की अठरा पुरी झाल्याशिवाय कंपनी घेत नाही, आणि कागदावर केरबा सोळाचा आहे, तेव्हा दोन वर्षं धीर धरा. भागूबाईने ते ऐकलं आणि फाटकाची पाटी फडक्याने पुसून घेतली. शेवाळ धरलं होतं.

शनिवारी दुपारी साहेब आले. बरोबर पांढऱ्या टोपीचे मास्तर, गळ्यात शिट्टी. साहेब माणूस वाईट नव्हते, हे लिहिलंच पाहिजे. त्यांनी केरबासाठी बिस्किटांचा डबा आणला होता, भागूबाईची कंबर कशी आहे हे विचारलं, आणि केरबाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय चँपियन, पाय काय म्हणतो?"

"बरा आहे, साहेब," केरबा म्हणाला. बापाचं वाक्य, पण शहरी बोलीत.

मास्तरांनी गुडघ्याकडे एकदाच बघितलं, ते चालताना. मग त्यांनी बुटांची तारीफ केली, काय छान ठेवले आहेस म्हणाले. भागूबाईने बाजारात बैल विकताना बघितले होते. घ्यायचा असतो तो व्यापारी दात बघतो, खूर उचलतो, खोड्या काढतो. घ्यायचा नसतो तो शिंगं छान आहेत म्हणतो आणि पुढे सरकतो.

औंढ्याहून चार पोरं आली होती. त्यांच्यात भागूबाईच्या धाकट्या बहिणीचा, सावित्राचा, कोंडू. सावित्राही आली होती, डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन. बंगल्यांवर विकायला म्हणून, पण पाटी तिने झाडाखाली ठेवली ती उचललीच नाही. नवरा मागल्या साली गेलेला, पोर कुठेतरी मार्गी लागलं तर हवं होतं.

मास्तरांनी पोरांना हिरवळीवर उभं केलं आणि चेंडू टाकायला केरबाला बोलावलं. पायाने नाही, हाताने. केरबा झिलई केलेले बूट घालून मध्ये उभा राहिला आणि एकेकाकडे चेंडू फेकत राहिला. पहिली तीन पोरं कोंबडी हाकलल्यासारखी लाथा मारत होती. कोंडूची पाळी आली तेव्हा त्याने नेम धरला आणि चेंडू थेट आंब्याच्या बुंध्यावर लागला. मास्तरांनी तो पुन्हा मारायला लावला. पुन्हा बुंध्यावरच. केरबा हसला, मनापासून. भागूबाईला ते दिसलं, आणि ते हसू पुढे कुठे जातं तेही दिसलं, कारण हसता हसता त्याने सवयीने पाय उचलला, आलेला चेंडू परत मारायला, आणि मग उचललेला पाय जपून खाली ठेवला.

शिदू कपबशांचा ट्रे घेऊन व्हरांड्यातून उतरला आणि खालच्या पायरीवर थांबला.

मास्तरांनी वही काढली. वय किती विचारलं. सावित्रा हिशेब करू लागली, दारच्या आंब्याला पहिला मोहर आला त्या सालचा, म्हणजे तेरा सरून चौदावं. साहेब हसून म्हणाले, "बारा लिहा."

आणि मास्तरांनी बारा लिहिलं. एवढं सोपं असतं ते. गरिबाच्या पोराला साहेब लोक एका ओळीत धाकटं करतात, आणि मोठं व्हायची वेळ आली की तीच ओळ दाखवतात.

साहेबांनी सावित्राला समजावलं. राहायचं, खायचं, शाळेत नाव घालू, पोराचं सोनं होईल. ती हात जोडून ऐकत होती, पण अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा मागे वळली.

"आक्का, धाडू का गं? तुजा केरबा दोन वरसं तितं व्हता. तू म्हनशील तसं."

"विचार, विचार," साहेब म्हणाले. "केरबालाच विचार ना. त्याचा पाय बरा झाला की तोही येईल. दोघं भाऊ बरोबर राहतील."

केरबाने चेंडू पोटाशी धरला होता. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो म्हणाला, "चांगलं आहे मावशे. सकाळी दूध देत्यात."

भागूबाईच्या तोंडात शब्द होता. नुसतं 'नको' म्हणून भागणार नव्हतं. सावित्रा 'का' विचारणार, आणि त्या 'का'चं उत्तर केरबाच्या समोर द्यायचं होतं. ज्येष्ठ लागायला अठरा दिवस राहिले होते. त्या पोराने महिने नाही, दिवस मोजले होते. बोलावं तर आपल्याच हाताने आपल्या लेकराचा ज्येष्ठ मोडायचा. न बोलावं तर बहिणीचं लेकरू जाणार, आणि दोन वर्षांनी त्या वाटेवर आणखी एकाची पावलं ऐकायची, एक पुरतं, एक अर्धं. कोंडू तिच्याकडे बघून हसत होता. त्याचे पुढचे दोन दात किडलेले होते, करवंदांनी ओठ काळे झाले होते. तिने पदराचं टोक हातात घेतलं, पिळलं. फडकं पिळलं होतं तसं.

"तुजं तू बघ बाई," ती म्हणाली. "मी काय सांगू?"

सावित्राचा चेहरा उजळला. आक्का नको म्हणाली नाही म्हणजे हो म्हणाली, असं तिने धरलं. मास्तरांनी शाईची डबी उघडली. सावित्रा खाली बसली आणि अंगठा पदराला पुसू लागली.

केरबा आईकडे बघत होता. भागूबाईने त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने नजर वळवली, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की ज्येष्ठ आपण त्याच्यासाठी सांभाळतो आहोत, की तो आपल्यासाठी?

साहेब समाधानाने खुर्चीत मागे रेलले. सगळं जुळून आलं की त्यांना शिदूशी चार शब्द बोलायची सवय होती.

"काय शिदू, बरं आहे ना सगळं?"

"बरं..." शिदू म्हणाला, आणि थांबला.

भागूबाईला वाटलं, ठसका लागला असेल. पण तो वाकला आणि हातातला ट्रे गवतावर ठेवला. साहेबांच्या कपबशा त्याने जमिनीवर कधी ठेवल्या नव्हत्या. एक कप कलंडला, चहा गवतात गेला, त्याने तो उचलला नाही. तो चालत सावित्रापाशी गेला आणि शाईच्या डबीचं झाकण लावलं. झाकण दोनदा निसटलं. मग तो सरळ झाला. साहेबांसमोर सरळ उभा राहिलेला शिदू केवढा उंच आहे हे भागूबाईला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

तो साहेबांकडे बघून बोलला, पण आवाज असा होता की जणू केरबाची माफी मागतो आहे.

"न्हाई जी. बरं न्हाई. पोराचा पाय गेला. ज्येष्ठ येऊ द्या न्हाई तर जाऊ द्या, त्यो आता खेळनार न्हाई. भादव्यात तुमी इचारलं तवा बी पाय बरा नव्हता. मी बरा हाय म्हनलो, अन तुमी मान वळवून बघितलं न्हाई. पर ठावं दोघास्नी व्हतं."